ही गाठ कशाची?

गेल्या सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर डोळे जड होतात त्या वेळेला, आमच्या टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने आपला लॅपटॉप माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि पडद्यावरच्या एका ओळीवर बोट टेकवून विचारले, "सर, हे इथे का आहे?" त्या ओळीचे काम एवढेच, की चालता चालता तीन सेकंद थांबायचे. आमचा एक प्रोग्राम रोज रात्री दोन वाजता आपोआप जागा होतो, दिवसभरात जमलेल्या देण्यांच्या याद्या चाळीस गठ्ठ्यांत बांधून दुसऱ्या एका सिस्टीमकडे धाडतो आणि पुन्हा झोपी जातो. एक गठ्ठा धाडला, की तो तीन सेकंद नुसता उभा राहत असे, मग पुढचा गठ्ठा उचलत असे. ओळीच्या डोक्यावर इंग्रजीत तीन शब्दांची सूचना होती: 'डू नॉट रिमूव्ह'. काढू नका. का काढू नका, याबद्दल अवाक्षर नव्हते. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "जुन्यांपैकी कोणीतरी लिहिले असेल. ब्लेम करून बघ की." तिने ते आधीच करून बघितले होते आणि म्हणूनच ती माझ्याकडे आली होती.

त्या ओळीपुढे माझेच नाव होते.

आमच्या धंद्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, प्रोग्राममधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारे गिट नावाचे एक अवजार सगळेच वापरतात. लिनस टोरवाल्ड्‌सने २००५मध्ये ते लिनक्सच्या कामासाठी लिहिले आणि आज जगातले बहुतेक सॉफ्टवेअर त्याच्याच वहीत नोंदले जाते. त्यात 'ब्लेम' ही एक आज्ञा आहे. फाइलवर ती चालवली, की प्रत्येक ओळीपुढे तिला शेवटचा हात कोणी आणि कधी लावला ते उमटते. नाव बघा: ब्लेम, म्हणजे दोष. गिटच्या आधी आम्ही सबव्हर्जन नावाचे तसेच एक अवजार वापरत होतो. त्यात हीच आज्ञा 'प्रेझ', म्हणजे स्तुती, या नावानेही चालत असे. उत्तर दोन्हींचे एकच यायचे. मी मात्र इतक्या वर्षांत एकाही माणसाला 'प्रेझ' टाइप करताना पाहिलेले नाही. कोणाची स्तुती करायची म्हणून फाइल उघडतो कोण?

माझ्या नावापुढे तारीख होती १४ जुलै २०१७, वेळ रात्री अकरा वाजून बावन्न मिनिटे. बदल नोंदवताना त्याचे कारण लिहायला जी जागा असते, तिथे मी एकच शब्द लिहिला होता: 'फिक्स'. सोबत एका तक्रारीचा क्रमांक होता खरा, परंतु ज्या तक्रार-नोंदणीतला तो क्रमांक, ती प्रणालीच मधल्या काळात बंद करून दुसरी आणली गेली आणि जुन्या नोंदी कुठे गेल्या हे विचारायलाही कोणी उरलेले नाही. म्हणजे दाराला कडी होती, कडीला कुलूपही होते, आतली खोलीच तेवढी पाडून टाकलेली होती. त्या मुलीला मी सांगितले, "बघून सांगतो." ती मान हलवून गेली. मी मात्र संध्याकाळपर्यंत त्या ओळीकडे पुन्हा पुन्हा वळत राहिलो. लिहिणारा दुसरा कोणी असता तर मी निवांतपणे त्याला नावे ठेवली असती.

घरी येऊन मी फोनमधली जुनी छायाचित्रे उघडली, कारण स्वतःच्या आयुष्याचे ब्लेम करायचे आता तेवढेच एक साधन माझ्याकडे आहे. १४ जुलै २०१७ हा शुक्रवार होता. त्या दिवसाचे एकही छायाचित्र नाही. शनिवारची मात्र साठ-सत्तर निघाली आणि सगळी जवळपास पांढरी: राजगडाची संजीवनी माची, दाट धुके, त्यात बुरुजाची एक काळी कड, पाठमोरे तीन रेनकोट, एकाची निळी सॅक. तेव्हा ध्यानात आले. पहाटे साडेचारला नळ स्टॉपला जमायचे ठरले होते. अमेरिकेतल्या लोकांबरोबरची आमची रोजची बैठक उन्हाळ्यात साडेसहाला असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे सरकली, की साडेसातला. आमची घड्याळे वर्षभर जागची हलत नाहीत, आमच्या संध्याकाळी तेवढ्या हलतात. जुलै म्हणजे साडेसहा. ती आटोपून निघायच्या बेतात असताना काहीतरी बिघडले असणार, मी पुन्हा बसलो असणार, रात्री पावणेबाराच्या सुमारास तीन सेकंदांच्या त्या विसाव्याने ते सुरळीत झाले असणार आणि मी सुटकेचा श्वास टाकून, दोन शब्द जास्त न लिहिता, सॅक भरायला पळालो असणार. हे सगळे 'असणार' आहे. आठवते ते वेगळेच: पाली दरवाजाच्या उंच पायऱ्यांवरून वाहत येणारे गढूळ पाणी, बुटात शिरल्यावर आधी गार आणि मग कोमट होणारे; पद्मावतीच्या देवळात ओल्या सतरंजीचा वास; आणि कोणाच्या तरी डब्यातली तिळाची चटणी. बिघाड काय होता, ते काही केल्या आठवत नाही. कारण लिहायला मला फार तर दोन मिनिटे लागली असती.

माझी आजी वाईला असायची. तिला वाचता येत होते, पोथी ती रोज वाचत असे, परंतु लक्षात ठेवायची गोष्ट कागदावर लिहिणे तिला कमीपणाचे वाटे. ती पदराला गाठ मारायची. कल्हईवाला आला की थांबवायचे, कोणाच्या तरी बारशाला कुंची शिवून द्यायची, दूधवाल्याचे तीन रुपये फेडायचे आहेत: प्रत्येक गोष्टीला लुगड्याच्या पदराच्या टोकाला एक छोटी, घट्ट, बोराएवढी गाठ. तिन्हीसांजेला दिवा लावून झाला, की ती ओट्यावर बसायची आणि बोटांनी पदर चाचपायची. "अगो बाई, ही गाठ कशाची गं?" मग आम्ही पोरे एकेक आठवण सुचवायचो आणि ती मान हलवत राहायची. विरजण? नाही. उंबऱ्याचा खिळा? नाही. आत्याचे पत्र? तेही नाही. आठवेपर्यंत गाठ सोडायची नाही, हा तिचा नियम होता. दोन-दोन दिवस ती तशीच राहायची. एकदा धुणे धुताना काकूने सहज ती गाठ सोडली. आजी दिवसभर गप्प होती. रात्री पानावर बसल्यावर म्हणाली, "काय विसरले ते एक विसरलेच होते. पण काहीतरी विसरले आहे, हे तरी लक्षात होतं." काकूला तेव्हा हसू आले होते आणि मलाही. सोडलेल्या गाठीच्या जागी पदरावर एक चुणी राहायची, धोपटण्याखालीही सहज न जाणारी.

आमच्या कामात अशा गाठी फार. काही तर इतक्या जुन्या, की त्यांना आम्ही गाठ म्हणतच नाही. बहुतेक संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले या हिशेबाने. ती मध्यरात्र ग्रिनिचची, त्यामुळे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. म्हणून एखाद्या रकान्यात काहीच नसताना, शून्य असताना, निष्काळजी प्रोग्राम तिथे बेधडक लिहितो: १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. दुकानात दोन दिवसांपूर्वी घेतलेल्या मिक्सरच्या हमीपत्रावर मी ही तारीख पाहिलेली आहे. विक्रेता गोंधळला होता, मला मात्र जुना शेजारी भेटल्यासारखे झाले. रिकामी जागा रिकामी दिसत नाही, तिच्यावरही कसली तरी तारीख असतेच.

त्याच आठवड्याच्या शनिवारी आम्ही चौघे जुन्नरच्या पुढे घाटघरला गेलो. बेत जीवधन आणि नाणेघाट असा होता. भाद्रपद होता, पठारे सोनकीने पिवळी झाली होती, ओढ्यांच्या काठाने तेरडा फुललेला होता आणि पाऊस येऊ की नको अशा विचारात दर अर्ध्या तासाने येऊन जात होता. जीवधनची वाट रानातून जाते आणि रानात ढोरवाटांचे जाळे आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ठाऊक आहे, की माणसाला चुकवणारी वाट ही कधीच पुसट नसते. ती चांगली मळलेली असते, फक्त ती गुरांनी त्यांच्या कामासाठी मळलेली असते. गुरांना गडावर जायचे नसते. म्हणून आम्ही गावातले एक मामा सोबत घेतले. साठीचे, सडपातळ, कमरेला कोयता, पायात प्लास्टिकचे बूट. ते पुढे आणि आम्ही मागे, अंगावर बारा-बारा हजारांचे जलरोधक कपडे घालून तरीही चिंब.

पाऊण तासाने एके ठिकाणी वाट फुटली. उजवीकडच्या फाट्यावर कोणीतरी कारवीची वाळकी फांदी आडवी टाकून तिच्यावर दगड ठेवला होता. फांदीची पाने केव्हाच गळून गेलेली, दगड कलंडलेला. मामा थांबले. त्यांनी कोयत्याने बाजूची हिरवी फांदी छाटली, वाळकीच्या जागी आडवी ठेवली, दगड उचलून तिच्या बुडावर नीट बसवला, हाताला लागलेला चिखल धोतराला पुसला आणि पुढे निघाले. मी विचारले, "मामा, ही कोणी ठेवली होती?"

"काय म्हाईत. हाय बऱ्याच वर्सांची."

"मग तिकडे काय आहे?"

"कडा आसंल. न्हाई तर गुरं जात आसतील. ठेवलीया म्हंजी कायतरी आसंलच की."

मला हे उत्तर झोंबले. मंगळवारपासून जी गोष्ट मला बोचत होती, ती इथे एक माणूस इतक्या सहजतेने, कोयत्याच्या एका घावात उरकून मोकळा झाला होता. मी मागे राहिलो, फांदी ओलांडली आणि दहा-पंधरा पावले आत गेलो. डोक्याएवढी कारवी, तिच्या खरबरीत पानांवरून कोपरापर्यंत ओघळणारे पाणी, मातीचा तो आंबूस वास आणि समोर धुके. वाट आमच्या वाटेपेक्षा रुंद होती, सपाट होती, खरे सांगायचे तर जास्त देखणी होती. कडा दिसला नाही. तो नव्हताच की धुक्यात होता, ते कळायला आणखी पुढे जावे लागले असते. मागून मामांची हाक आली, "ओ सायेब!" मी वळलो.

गडाच्या वाटेवर ट्रेकर मंडळींनी पांढऱ्या ऑइलपेंटने बाण काढलेले असतात. मला ते आवडत नाहीत, कातळ विद्रूप होतो, परंतु त्या दिवशी चढताना बाण आणि फांदी यांतला फरक पहिल्यांदा नीट डोक्यात शिरला. 'इकडे जा' ही खूण चुकीची निघाली, तर अर्ध्या तासात पायांना कळते. माणूस शिव्या घालत परत येतो आणि जमले तर बाण खोडतो. 'इकडे जाऊ नका' ही खूण चुकीची असली, तर ते कोणालाच कधी कळत नाही, कारण ती पाळणारा माणूस तपासायला जातच नाही. बाण वापरून वापरून पारखला जातो. फांदी दरवर्षी फक्त हिरवी होत राहते. मामांना मी अडाणी समजत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केले असते. रानात चुकीची किंमत जीव असते आणि वळसा घालायला पाच मिनिटे लागतात. माझा राग माझ्यावर होता. मी फांदी ठेवणारा तो पहिला माणूस होतो. मला कडा दिसला होता आणि मी ते कोणाला सांगितले नव्हते.

दुपारी नाणेघाटात उतरलो. घाटाच्या तोंडाशी तो मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असे सांगतात, आणि थोडे खाली लेणे. मी तिथे पाच-सहा वेळा गेलो असेन, दर वेळी वाऱ्यापासून आडोसा म्हणून. या वेळी आत जाऊन मागच्या भिंतीसमोर उभा राहिलो. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला नागनिका राणीचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दान दिली याचा चोख हिशेब, आकड्यांनिशी. आपल्याकडच्या कोरीव अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. आमच्या रोजच्या देण्यांच्या याद्यांहून तो काही फार वेगळा नाही. मागच्या भिंतीवर मात्र सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, महारठी: प्रत्येकाच्या डोक्यावर नाव कोरलेले आहे. नावे अजून वाचता येतात. त्यांच्या खाली माणसे नाहीत. झिजून, फुटून गेली आहेत. अगदी तळाला, नीट वाकून पाहिले तर, पावले तेवढी दिसतात.

तिथे बसून आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. बाहेर कड्याच्या टोकाशी पाऊस खालून वर येत होता, कोकणातून सुटलेला वारा त्याला धड पडूच देत नव्हता.

सोमवारी मी त्या मुलीला बोलावले आणि खरे ते सांगितले: कारण मला आठवत नाही. तिच्या चेहऱ्यावर किंचित आश्चर्य उमटले. नोकरीच्या पहिल्या वर्षात असे वाटते, की मोठ्यांना त्यांनी केलेल्या गोष्टींची कारणे ठाऊक असतात. मग आम्ही हिशेब मांडला. चाळीस गठ्ठे, तीन सेकंद, म्हणजे रोज दोन मिनिटे. सात वर्षांच्या रात्री गुणिले दोन मिनिटे, म्हणजे सुमारे पंच्याऐंशी तास. साडेतीन दिवस आमचा प्रोग्राम माझ्या शब्दाखातर अंधारात उभा राहिला होता. तिने मूळ प्रोग्रामला धक्का न लावता बदल करून बघायला एक वेगळी ब्रँच काढली (आम्हीही तिला फांदीच म्हणतो, फक्त इंग्रजीत), ओळ काढली, चाचण्या चालवल्या. सगळ्या पास. परंतु यातून काही सिद्ध होत नव्हते, कारण चाचणीत समोरची सिस्टीम खोटी असते आणि खोटी सिस्टीम कधी दमत नाही, कधी उशीर करत नाही. मी समोरच्यांच्या टीमला मेल लिहिली. दोन दिवसांनी उत्तर आले, की २०१७ची ती सिस्टीम कधीच बदलली, नवीला असे थांबून थांबून गठ्ठे धाडण्याची गरज नसावी, आणि तेव्हाचे आता इथे कोणी नाही. 'नसावी' हा शब्द मी बराच वेळ बघत बसलो. मग म्हणालो, "काढ."

शुक्रवारी काही बदल सोडायचा नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. त्याचे कारण मात्र प्रत्येकाला पाठ आहे. म्हणून गुरुवारी काढायचे ठरले. बदलाची नोंद तिने अकरा ओळींची लिहिली: ओळ कधीची होती, कोणाला विचारले, काय उत्तर आले, बिघडले तर काय परत लावायचे. मी ती वाचली आणि एकही शब्द न बदलता मंजूर केली.

रात्री दोनला पाच कमी असताना मला आपोआप जाग आली. दिवा न लावता दिवाणखान्यात जाऊन बसलो. फ्रिजचा घरघराट, खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी टाकीचा नळ, आणि मांडीवरच्या लॅपटॉपचा तो निळसर उजेड, ज्यात आपलेच हात परक्याचे वाटतात. दोन वाजले. पहिला गठ्ठा गेला आणि त्याच्या पाठोपाठ, श्वासही न घेता, दुसरा. मला ते बघताना पोटात कसेसे झाले. इतकी वर्षे काठी टेकत चालणारा माणूस अचानक धावताना दिसावा तसे. चाळीस ओळी उमटल्या. सगळ्या हिरव्या. दारात बायको उभी होती. "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." "मग बसलायस का?" याला उत्तर नव्हते. मनात कुठेतरी मी थोडा हिरमुसलो होतो, हे तिला त्या वेळी सांगण्यासारखे नव्हते. काहीतरी फुटले असते, तर निदान त्या जुलैच्या रात्री काय घडले होते ते मला कळले असते.

त्या गोष्टीला आता बरेच महिने झाले. काहीही बिघडलेले नाही. ती मुलगी आता मला सर म्हणत नाही, आणि जुन्या फायली उघडून 'हे इथे का आहे' असे विचारायची तिची सवय टीममधल्या इतरांनाही लागली आहे. त्याने सगळेच खूश आहेत असे नाही. मी गेल्या आठवड्यात दुसऱ्याच कामासाठी ती फाइल उघडली. काढलेल्या ओळी ब्लेममध्ये दिसत नाहीत, जे आहे तेच तो दाखवतो. परंतु २०१७मध्ये मी त्या तीन सेकंदांच्या खाली, लिहिणे मोकळे दिसावे म्हणून, एक रिकामी ओळ सोडली होती, आणि ती काढायचे तिच्या ध्यानात आलेले नाही. वर तिचे नाव आहे, खाली आणखी कोणाकोणाची आहेत. मधल्या कोऱ्या ओळीपुढे अजून माझे नाव आणि १४ जुलै २०१७, रात्रीचे अकरा बावन्न.

मी ती तशीच ठेवून फाइल मिटली.